‘मु.’ आणि ‘पो.’ यांच्या मधला स्वल्पविराम

पाकिटावर पत्ता घालताना आपण ‘मु. पो.’ एका दमात लिहून टाकतो. मुक्काम आणि पोस्ट. माझ्या माहेरच्या पत्त्यात ही दोन अक्षरं कधी शेजारी बसली नाहीत. ‘मु.’च्या पुढे आमच्या गावाचं नाव, मग स्वल्पविराम, मग ‘पो.’ आणि त्याच्यापुढे दुसऱ्याच गावाचं नाव. त्यानंतर ता. मुरबाड, जि. ठाणे. ते दुसरं गाव आमच्यापासून सव्वा तासाच्या चालीवर, मध्ये ओढा. लग्न होऊन शहापूर तालुक्यात आले आणि पहिल्या दिवाळीला भावाला पत्र लिहायला बसले. वर सासरचा पत्ता घालताना सवयीने स्वल्पविराम पडला. सासऱ्यांनी तो बघितला आणि म्हणाले, “सूनबाई, जोडून लिव. आपल्या गावाला पोस्ट हाये.” त्यांच्या बोलण्यात जी ऐट होती ती पाटीलकी मिळाल्याचीच.

पुढे १९८७ साली तेच पोस्ट माझ्या ओटीवर आलं. छत्तीस वर्षं मी ब्रँच पोस्टमास्तर होते. एक लाकडी टेबल, तारखेचा ठसा, काट्याचं वजन, लाखेची कांडी आणि रोज दुपारी येणारी एक पिशवी. तेव्हा आम्हाला कागदोपत्री ‘एक्स्ट्रा डिपार्टमेंटल’ म्हणत, थोडक्यात ईडी. ‘मी ईडीत आहे’ असं तेव्हा सांगितलं तर लोक कीव करायचे; आज सांगितलं असतं तर चहा पाजला असता. नंतर नाव बदलून ग्रामीण डाक सेवक झालं. ओटी माझीच राहिली, कारण शाखेची जागा पोस्टमास्तरनेच द्यायची असते.

हे सगळं आज लिहायचं कारण माहेरचा भाचा. गावाला पोस्ट मिळावं म्हणून ग्रामसभेत ठराव करायचा गावकऱ्यांच्या मनात आहे, आणि अर्ज कसा लिहायचा ते विचारायला तो आला होता. ठाण्यात राहणारा आमचा एक नातेवाईक शेजारीच बसला होता. तो हसला. “मोबाइलच्या जमान्यात पोस्ट मागताय? पत्र लिहितं कोण?” भाचा ओशाळला. मी नाही ओशाळले. हा प्रश्न मी छत्तीस वर्षं ऐकला आहे, आणि विचारणाऱ्याच्या दारापासून पोस्ट नेहमी चालत पाच मिनिटांवर असतं.

गावाने पोस्ट मागायचं आणि सरकारने ‘तुमच्याकडून उत्पन्न किती?’ असं विचारायचं, हा व्यवहार नवा नाही. १८५४ साली टपालाचा नवा कायदा झाला आणि देशभर एक दर आला. पाव तोळ्यापर्यंतचं पत्र कितीही लांब जावो, अर्धा आणा. त्याआधी जितकं अंतर तितके पैसे. तेव्हा अख्ख्या देशात पोस्टं होती सातशेच्या आसपास. दर स्वस्त झाला, पण पत्र टाकायचं कुठे आणि घ्यायचं कुठून? अर्ध्या आण्यात ते मद्रासला पोचत होतं. डोंगराच्या कडेच्या गावात पोचायला मात्र पाय लागत होते.

आपल्याकडे बघा. त्याच वर्षी आगगाडी कल्याणला आली. १८५५ मध्ये वाशिंदला, आणि १ जानेवारी १८६१ ला कसाऱ्याला. म्हणजे शहापूर तालुक्याच्या पोटातून गाडी गेली, आसनगाव हे शहापूरचं स्टेशन झालं, शिवाय आग्रा रोड दारातूनच. मुरबाडच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाटातून बैलांचे तांडे याच तालुक्यात उतरत होते, जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण अजून घाटमाथ्यावर आहे. पण आगगाडीने वाट बदलली आणि मुरबाड बाजूला पडलं. आजही मुरबाडला रेल्वे नाही. एकाच जिल्ह्यातले, हद्दीला हद्द लागून असलेले दोन तालुके, पण एकाच्या टपालाला चाकं मिळाली आणि दुसऱ्याच्या नाही. चाकं जिथे संपत तिथून पुढे हलकारा. पाठीवर थैली, हातात भाला, भाल्याला घुंगरं. पाच-सहा मैलांचा टप्पा धावायचा आणि थैली पुढच्याच्या खांद्यावर द्यायची. पावसाळ्यात काळू आणि भातसा दुथडी भरल्या की घुंगरं अलीकडच्या काठावर थांबत असणार, हे सांगायला कुठलं दफ्तर उघडायला नको. माझ्या काळातही पिशवी घेऊन येणारा आमचा मेल कॅरियर ओढ्याच्या अलीकडे बसून विड्या ओढत पाणी उतरायची वाट बघत असे.

खेड्यात पोस्ट उघडायचं म्हणजे कचेरी बांधायची असा प्रकार इंग्रजाने केला नाही. त्याने गावच्या मराठी शाळेच्या मास्तरला थोडा भत्ता दिला आणि त्यालाच पोस्टमास्तर केलं. शाळा तीच, पेटी कोपऱ्यात, मुलांची उजळणी चालू असताना ठसा मारायचा. ज्या गावांना तेवढंही नव्हतं तिथे फिरता खेडे-पोस्टमन. तो ठरल्या वारी यायचा, पत्रं द्यायचा, तिकिटं विकायचा, पत्रं गोळा करायचा. या पोस्टमनचं आणखी एक काम होतं आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. कुठल्या गावाला किती पत्रं जातात-येतात हे त्याच्यामुळे खात्याला कळायचं, आणि बरी संख्या दिसली की तिथे ‘प्रायोगिक’ पोस्ट उघडलं जायचं. ठरावीक मुदत चालवायचं. खर्च भागला तर कायम, नाहीतर बंद.

यात इंग्रजाचं औदार्य शोधायला जाऊ नका. त्याला हिशेब कळत होता. अनेक प्रांतांत ‘जिल्हा डाक’ म्हणून जी व्यवस्था होती ती मुळात फौजदार, मामलेदार आणि कलेक्टर यांच्या लखोट्यांसाठी होती. रयतेचं पत्र त्यात जागा असली तर. आणि रयतेचाही खात्यावर फारसा विश्वास नव्हता. आधी पैसे भरून तिकीट लावलं तर हलकारा पत्र पोचवील कशाला, अशी शंका. म्हणून पुष्कळ लोक बिनतिकिटाचंच पत्र टाकत, घेणाऱ्याने दुप्पट भरून सोडवून घ्यायचं. आपण ज्याला नॉटपेड म्हणतो ते. गावाकडच्या हिशेबाने हे शहाणपणच होतं: माल हातात पडल्यावर दाम.

मग तीन गोष्टी लागोपाठ आल्या. १८७९ मध्ये एका पैशाचं कार्ड. १८८० मध्ये मनिऑर्डर पोस्टाकडे आली. १८८२ मध्ये पोस्टातली बचत बँक. माझ्या मते खेड्याला पोस्टाची खरी गरज इथून लागली. मुंबईत गिरण्या सुरू होऊन पंचवीस वर्षं होत आली होती. भात कापून, झोडून झालं की इकडची माणसं कामाला तिकडे जात. पगारातले चार रुपये गावी पाठवायचे तर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कनवटीला बांधून, आणि ते तसेच पोचतील याची खात्री देवाला. मनिऑर्डर आली आणि रुपये पोस्टाच्या दारात आले. पण दार कुठे? बाई शेतातलं काम टाकून दोन-तीन कोस जाणार, तिथे अंगठा देणार, ओळख पटवायला साक्षीदार लागणार म्हणून त्यालाही बरोबर नेणार, आणि त्याला वाटेत चहा-विडी. चार रुपयांतला पाव रुपया वाटेतच सांडायचा. (चहा तेव्हा नसेल, माझ्या काळात होता.)

‘आमच्या गावाला पोस्ट द्या’ म्हणणारे लोक पत्रं लिहिण्याच्या हौसेने ते म्हणत नव्हते. अर्ज करायलासुद्धा पोस्ट लागतं. १८७८ च्या जंगल कायद्याने ठाणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचं राब तोडणं अडचणीत आलं, गुरचराई अडली. राब भाजल्याशिवाय इथे भाताचं रोप होत नाही, हे सिमल्यात बसलेल्याला काय कळणार? ठाणे-कुलाब्याच्या रयतेने एवढ्या तक्रारी केल्या की १८८५ मध्ये सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. या तक्रारी ठाण्याला, मुंबईला पोचवायच्या कशा? एक तर टपालाने, नाहीतर पायांनी. ठाण्याहून १८६६ पासून ‘अरुणोदय’ निघत होतं; तेही खेड्यात टपालानेच येणार. ज्या गावाला टपाल नाही त्याची तक्रार उशिरा पोचते आणि उत्तर त्याहून उशिरा.

ही आपल्याच मागासपणाची कथा आहे असं समजायचं कारण नाही. अमेरिकेतला शेतकरी १८९६ पर्यंत गाडी जोडून शहरातल्या पोस्टात पत्र आणायला जात होता. त्या वर्षी घरपोच टपालाची योजना सुरू झाली. तीही अर्ज केल्यावर मिळायची. शेजारच्या शेतकऱ्यांनी सह्या करून आपल्या लोकप्रतिनिधीकडे अर्ज द्यायचा, आणि रस्ता गाडी जाण्याजोगा असला पाहिजे ही अट. त्या अटीपायी कित्येक ठिकाणी लोकांनी रस्ते सुधारून घेतले. म्हणजे टपाल मागायला गेले आणि रस्ता घेऊन आले.

आता आजचा हिशेब. देश स्वतंत्र झाला तेव्हा तेवीस हजारांवर पोस्टं होती; आज दीड लाखाच्या वर आहेत आणि दहातली नऊ खेड्यात. याचं श्रेय द्यायलाच हवं. पण नवीन शाखा मागायची तर नियम असा: जवळच्या पोस्टापासून किमान तीन किलोमीटर अंतर. लोकसंख्या साध्या ग्रामीण भागात तीन हजार. डोंगरी, आदिवासी भागात एका गावाची पाचशे किंवा गावांच्या गटाची एक हजार. आणि उत्पन्न खर्चाच्या किमान एक तृतीयांश, डोंगरी-आदिवासी भागात पंधरा टक्के. हे उत्पन्न ‘अपेक्षित’ हवं, म्हणजे पोस्ट उघडण्याआधी दाखवायचं.

पंधरा टक्के ऐकायला सोपं वाटतं. पण ज्या वाडीत पोस्टच नाही, तिचं उत्पन्न मोजणार कसं? तिथल्या माणसाने पाच किलोमीटरवर जाऊन खातं उघडलं तर ते त्या पोस्टाच्या नावावर चढतं. त्याने मुलीचं सुकन्या खातं तालुक्याला काढलं तर ते तालुक्याचं. वाडीच्या पदरात शून्य. आणि त्या शून्यावर बोट ठेवून सांगायचं, मागणी नाही. मला इंग्रजाच्या हिशेबाचं कौतुक नाही, पण या एका बाबतीत त्याची पद्धत बरी होती. त्याने फिरता माणूस पाठवून गाव तपासलं, आधी पोस्ट उघडलं, मग मोजलं.

मोजण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगते, आता सांगायला हरकत नाही. ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला आमच्या शाखेचं उत्पन्न कमी पडतंय, तपासणी होणार, असं कानावर आलं. शाखा बंद पडली तर सासऱ्यांचं ‘जोडून लिव’ संपणार. मी गावात निरोप फिरवला. त्या महिन्यात आमच्या गावाने जेवढी पत्रं लिहिली तेवढी आधी कधी लिहिली नसतील. पंधरा पैशांचं कार्ड. शाळेच्या मुलांनी मामाला लिहिलं, भजनी मंडळाने शेजारच्या भजनी मंडळाला लिहिलं, आणि आमच्या यजमानांनी स्वतःलाच चार कार्डं टाकली, ‘पत्रास कारण की, मी इकडे खुशाल आहे.’ ती तालुक्याला जाऊन परत माझ्याच पिशवीत आली आणि मी ती त्यांना रीतसर पोचवली. गंमत अशी की कार्ड पोचवायचा खर्च त्याच्या किमतीपेक्षा जास्त, हे खातंच सांगत असतं. म्हणजे शाखा वाचवायला आम्ही खात्याचा तोटाच वाढवत होतो. तपासणी आली, वह्या बघितल्या, साहेब हसले आणि गेले. शाखा राहिली.

अंतराचंही तसंच. तीन किलोमीटर कशाने मोजायचे? नकाशावर पट्टी ठेवून की ऑगस्टमध्ये पाय ठेवून? सह्याद्रीच्या पायथ्याला, वैशाखऱ्याकडे नाहीतर डोळखांबच्या बाजूला जाऊन बघावं. उन्हाळ्यातलं अडीच किलोमीटर पावसाळ्यात पुलाला वळसा घालून आठ होतं. माझ्या भावाला १९७९ मध्ये नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. पत्र आमच्या ‘पो.’त वेळेवर आलं. तिथून आमच्या ‘मु.’पर्यंत यायला त्याला सहा दिवस लागले, कारण आमच्या गावाची पत्रं बाजाराच्या दिवशी कुणी आलं की त्याच्या हाती द्यायची असा तिथला रिवाज होता. पत्र हातात पडलं तेव्हा मुलाखत होऊन तीन दिवस झाले होते. मी त्या पोस्टमास्तरला दोष देत नाही. त्याच जागी बसल्यावर मला कळलं की पाच वाड्या आणि एक सायकल यांचं गणित काय असतं.

‘पत्र लिहितं कोण?’ याचं उत्तर मी भाच्याच्या देखत त्या नातेवाइकाला दिलं. शेवटच्या काही वर्षांत माझ्या टेबलावर खाजगी पत्र महिन्याला चार आलं तर नवल. पण निराधार योजनेचे पैसे, रोजगार हमीची मजुरी, पीएम किसान, आधार जोडलेल्या खात्यातून बोटाचा ठसा देऊन काढायचे पैसे, ग्रामीण डाक जीवन विमा, सुकन्या, बँकेचं एटीएम कार्ड, कोर्टाची नोटीस. मी २०२३ मध्ये सुटले. पुढच्या वर्षी ‘लाडकी बहीण’ योजना आली तेव्हा माझ्या जागी आलेल्या मुलीच्या दारात सकाळी सातला बायकांची रांग लागायची. पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं हवं होतं त्यांना. पाच वाड्यांवरून चालत आलेल्या. नेट गेलं की त्या ओट्यावरच बसायच्या, आणि नेट तीनदा जायचं. दीड हजार रुपयांसाठी एक अख्खा रोज बुडवायचा. मनिऑर्डरीसाठी कोस तुडवणाऱ्या बाईत आणि हिच्यात काय फरक पडला, ते सांगा.

फरक एक पडला. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात योगेंद्र बांगर या जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने २०१६ च्या महिला दिनाला आजीबाईंची शाळा सुरू केली. गुलाबी लुगड्यातल्या, पाठीला दप्तर अडकवलेल्या आज्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. त्या आज्या सही करायला शिकल्या. मला त्याचं अप्रूप कुणाहीपेक्षा जास्त, कारण मी आयुष्यभर बायकांचे अंगठे शाईच्या पॅडवर दाबले आणि शेजारी साक्षीदाराची सही घेतली. आमच्याकडची एक कातकरी म्हातारी पैसे घेतल्यावर पावतीवरचा ठसा बोटाने चाचपायची आणि विचारायची, “यात आपल्या गावाचं नाव हाय ना?” मी हो म्हणायचे. तिला वाचता येत नव्हतं, पण गावाचं नाव सरकारी शाईत उमटतं याची तिला खातरजमा हवी असायची. फांगण्याच्या आज्या ते नाव वाचू शकतात.

दुसरी बाजू मला ठाऊक आहे. काही शाखांत दिवसाला दहा व्यवहारही होत नाहीत. डाक सेवकाला चार-पाच तासांचं काम आणि त्या मानाने मोबदला. पेन्शन नाही म्हणून नवी मुलं टिकत नाहीत, बदलीच्या खटपटीत असतात. उगाच गल्लोगल्ली पोस्ट काढा असं मी म्हणणार नाही. पण तोट्याचा बाऊ आमच्याच बाबतीत का? तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं, नंतर भातसाचं गेलं. शहापूरच्या बायका मार्चपासून टँकरची वाट बघतात. धरण उशाशी आणि कोरड घशाशी, ही म्हण आमच्याकडे म्हण म्हणून कुणी वापरत नाही. त्या पाण्याच्या बदल्यात एका आदिवासी वाडीच्या पोस्टाचा तोटा सोसायला सरकारला जड जाऊ नये.

माझी मागणी म्हणाल तर लहान आहे. शहापूर आणि मुरबाडच्या आदिवासी पट्ट्यात जिथे ‘मु.’ एक आणि ‘पो.’ दुसरं आहे, तिथे एक वर्षासाठी शाखा उघडा. शाळेच्या खोलीत, समाजमंदिरात, कुणाच्या ओटीवर, कुठेही. पावसाळा धरून पूर्ण बारा महिने चालवा. मग वही उघडा आणि पंधरा टक्के मोजा. नाही भरले तर खुशाल बंद करा. निदान शून्याला शून्याने गुणून उत्तर काढलं असं तरी होणार नाही. आणि त्या उत्पन्नात वाडीतल्या लोकांनी आजवर दुसऱ्या पोस्टात काढलेली खाती धरा. पिनकोड आहे तोच ठेवा. मुरबाडचा ४२१४०१, शहापूरचा ४२१६०१. शाखांना बहुतेक आपापल्या मोठ्या पोस्टाचाच असतो. पिनकोडची कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्याच टपाल खात्यातल्या मराठी, संस्कृत पंडित माणसाची, १९७२ सालची. सहा आकड्यांत सगळा देश बसवला त्यांनी. त्यात आमची एक वाडी बसायला अडचण नसावी.

भाच्याला मी अर्ज सांगितला आणि त्याने लिहून घेतला. इतर गावांतल्या सरपंचांना, ग्रामसेवकांना, बचत गटाच्या बायकांनाही सांगते: पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. ठरावात लोकसंख्या लिहा, वाड्या मोजून लिहा, जवळच्या पोस्टाचं अंतर पायवाटेने आणि पावसाळ्यातलं लिहा, किती जणांची खाती कुठल्या पोस्टात आहेत त्याची यादी जोडा. अर्ज ठाण्याच्या डाक अधीक्षकांच्या नावे करा, पोच घ्या, एक प्रत जपून ठेवा. आणि खाली गावाचा पत्ता घालाल तेव्हा घाई करू नका. ‘मु.’ लिहा, गावाचं नाव लिहा, स्वल्पविराम ठळक द्या, मग ‘पो.’ लिहा.